धोंडूच्या वाट्याचा तिरस्कार

उपेंद्ररावांचा मला कधी राग आला नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. त्यांच्याबद्दल मला जे वाटलं ते चपलेच्या तळव्याला च्युइंगम चिकटल्यावर वाटतं तसं काहीतरी. आणि ते वाटायला अर्धा तासही लागला नाही. माझ्या भाचीच्या डोहाळजेवणात, केक कापायच्या आधीच वाटलं.

भाची म्हणजे ज्ञानदा, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. ती आणि तिचा नवरा निमिष दोघंही कॉम्प्युटरवाले, आणि डब्लिनमध्ये घर घेणं हे कॉम्प्युटरवाल्यांच्याही आवाक्याबाहेरचं झाल्यामुळे ड्रोहेडात राहतात. उपेंद्रराव निमिषचे वडील. बायको गेल्यापासून एकटे, बाळंतपणासाठी म्हणून पुण्याहून आलेले. बाळंतपणात त्यांचा काय उपयोग, हे विचारण्याइतकी मी उद्धट नाही. मनात विचारलं.

पुण्यात ते नामसल्लागार आहेत. असा धंदा असतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पोटुशी बाईच्या घरचे त्यांना फोन करतात आणि ते नाव काढून देतात. त्या नावाला संस्कृतात अर्थ हवा, गोऱ्या माणसाला ते उच्चारता यायला हवं, आणि ही त्यांची खासियत, हिब्रूतही काहीतरी अर्थ निघायला हवा.

"ताई, जगातल्या सगळ्या नावांचे उगम दोनच," ते मला म्हणाले होते. "संस्कृत आणि हिब्रू. आणि हिब्रूचा उगम संस्कृत."

"म्हणजे एकच झाला की."

"तेच तर!" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा कौतुकाने पाहिलं, जणू मी त्यांच्या वर्गातली पहिल्या नंबराची मुलगी.

तर तो केक. त्याच्यावर निळ्या आयसिंगने इंग्रजीत 'अद्वय' लिहिलेलं. सातवा महिना, स्कॅनमध्ये मुलगा आहे हे कळलेलं, म्हणजे आता थांबायचं कशाला? बाळाला निदान जन्माला येऊ द्यावं, बारशापर्यंत धीर धरावा, हे आपल्या आज्यांना जमायचं. आमच्या पिढीकडे केकवाला आहे. उपेंद्रराव हातात सुरी घेऊन उभे राहिले आणि भाषण केलं.

"अद्वय! ज्याच्यासारखा दुसरा नाही तो! आणि हिब्रूत अदोनाय म्हणजे परमेश्वर. अद्वय, अदोनाय. ऐका, कानाला लागतं की नाही?"

लागतं म्हणे. डब्लिनच्या ओंगारहून गाड्या भरभरून आलेली आमची मराठी मंडळी टाळ्या वाजवत होती. ही माणसं ऑफिसात एका आकड्याचा पुरावा मागतात, दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका दिवसभर शोधतात, आणि घरी आली की कुणीही काहीही ऐकवावं. "काका, वॉव!" एकजण म्हणाली. "माझ्या सानिकाचा पण सांगा ना हिब्रू मीनिंग." त्यांनी सांगितला. त्यांच्याकडे सगळ्यांचा असतो.

माझ्याबरोबर फ्रीडा आली होती. डब्लिनमध्ये सँट्रीत माझ्या फ्लॅटसमोर तिचा फ्लॅट. फ्रीडाचे आजीआजोबा लिथुआनियातून बोटीने डब्लिनला आले. ती इथेच जन्मली, इथेच टोप्यांचं दुकान चालवलं, आता ऐंशी ओलांडलेली, नवरा गेलेला, पाय अधू, जीभ शाबूत. तिच्या लहानपणी घरात यिडिश बोलत. यिडिश म्हणजे युरोपातल्या ज्यूंची भाषा, शरीर जर्मन, अक्षरं हिब्रू, आणि हाकलत हाकलत जिथून जिथून नेलं तिथलं काही ना काही अंगाला लागलेलं. आमची मैत्री झाली ती आमच्या बिल्डिंगच्या मॅनेजरमुळे. दर महिन्याला येऊन फोडणीच्या वासाबद्दल लांबलचक बोलणारा हा प्राणी निघून गेल्यावर फ्रीडा आपल्या दारातून म्हणाली, "नुडनिक." मी अर्थ विचारला. 'नूड' म्हणजे कंटाळा, तो रशियाकडचा. 'निक' म्हणजे ते काम करणारा. थोडक्यात, कंटाळा आणणं हा ज्याचा व्यवसाय आहे तो. मला इतका आनंद झाला की मी तिला आत बोलावून साबुदाण्याची खिचडी खायला घातली. तेव्हापासून आम्ही एकमेकींना शिव्या शिकवतो. 'टिनपाट' तिला फार आवडलाय.

ती त्या दिवशी पुरणपोळी हातात धरून केककडे बघत होती.

"हे काय लिहिलंय?"

"बाळाचं नाव."

"कुठल्या बाळाचं? कुठाय बाळ?"

मी ज्ञानदाच्या पोटाकडे बोट दाखवलं. फ्रीडाने बशी खाली ठेवली आणि तोंड वळवून हलकेच तू तू तू असं थुंकल्यासारखं केलं. मग म्हणाली, "किनाहोरा." हा शब्द मला माहीत होता. अर्धा जर्मन, अर्धा हिब्रू. वाईट नजर न लागो. आपल्या दृष्ट काढण्याचा सगळा खटाटोप त्यांनी एका शब्दात बसवलाय.

"आमच्यात पाळणासुद्धा आधी घरात येत नाही," ती कुजबुजली. "पोटुशीला मझल तोव, म्हणजे अभिनंदन, म्हणत नाहीत. बेशाआ तोवा म्हणतात. चांगल्या घटकेला होवो, एवढंच. मझल म्हणजे तारे, नक्षत्रं, तुमच्यासारखंच. बाळ यायच्या आधी ताऱ्यांना कशाला जागं करायचं? आणि युअर मॅनने काय नाव काढलं, अदोनाय?" 'युअर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत 'तो बुवा'. "आम्ही घरात बोलताना हे नाव घेत नाही गं. हाशेम म्हणतो. हाशेम म्हणजे नुसतं 'ते नाव'. देवाचं नाव तोंडातून जायला नको म्हणून त्याला 'नाव' म्हणायचं. आणि युअर मॅनने ते क्रीममध्ये लिहिलं. कुणीतरी त्याला गप्प करा. त्याने पत्ता देऊन टाकला."

कुणाला पत्ता, ते मी विचारलं नाही.

ज्ञानदा फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसली होती आणि फोटोत हसतात तशी हसत होती. दोन वर्षांपूर्वी तिचं एक बाळ सहाव्या महिन्यात गेलं होतं. त्यालाही नाव होतं. उपेंद्ररावांनीच पुण्याहून फोनवर दिलेलं. ते नाव त्या घरात आता कुणी उच्चारत नाही.

हे बाळ पुढच्याच पंधरवड्यात, कुणाला न विचारता आलं. ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवलं. पाय माझ्या अंगठ्याएवढे, कातडी कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी, आणि तोंडावर एवढ्या नळ्या की चेहरा कुणावर गेलाय हा नेहमीचा मूर्ख प्रश्न कुणाला विचारताच येईना. सँट्रीत मी एका दंतवैद्याच्या रिसेप्शनवर बसते. लोकांचे दात माझ्यावाचून काही दिवस दुखू देत म्हटलं आणि ज्ञानदाकडे राहायला गेले.

मग ताप आला. इन्फेक्शन. डॉक्टरीण पोरसवदा, डोळ्यांखाली काळं. अँटिबायोटिक सुरू केलंय म्हणाली, आता वाट बघायची. तिने खोटी आशा दाखवली नाही हे मला आवडलं, आणि दाखवली असती तर बरं झालं असतं असंही वाटलं.

उपेंद्रराव रोज दुपारी यायचे. आत आले की फोन काढायचे, काचेतून बाळाचा फोटो घ्यायचे, बाहेर जाऊन तो सगळ्या ग्रुपवर टाकायचे. 'आमचा अद्वय. अद्वितीय योद्धा.' खाली हात जोडलेले, सिंहाचं तोंड. मी नीट पाहत होते: फोनशिवाय ते बाळाकडे बघतच नव्हते. बाळ जणू त्यांच्या नावाला जोडलेलं चित्र होतं. नर्स ओर्ला आत यायची ती "हाय, गॉर्जस! गॉड ब्लेस हिम," असं म्हणत, कौतुक केलं की लगेच देवाचं नाव लावायचं, ही इथल्या लोकांची जुनी सवय. त्यांनी तिलाही सोडलं नाही. "ओर्ला म्हणजे मुळात उर्मिला," म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "इज दॅट राइट?" आयरिश माणूस हे असं म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ, 'तुझं डोकं ठिकाणावर आहे का?' हे त्यांना कुठून कळणार.

ताप चढला त्या दिवशी ते मला कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणाले, "ताई, मी विचार केला. स्पेलिंगमध्ये एक ए वाढवू या. डबल ए. अंक सहावर येतो, सहा म्हणजे शुक्र."

आत एक मूल श्वासासाठी झगडत होतं आणि हा माणूस त्याला ए पुरवत होता.

"आणखी दोन वाढवा," मी म्हटलं. "उरले तर पुढच्याला होतील."

"तुमचा विश्वास नाही," ते क्षमा केल्यासारखं म्हणाले.

ज्ञानदा त्या दिवशी मला खाली कँटीनमध्ये घेऊन गेली. दोन चहा घेतले. तिने आपल्या चहाच्या साखरेच्या पुडीला दोन्ही टोकांनी पीळ दिला, सोडला, परत दिला.

"मावशी, हसू नकोस."

"नाही हसत."

"धोंडू."

"काय?"

"धोंडू ठेवायचंय. नाव. माझ्या बाबांचे चुलते नव्हते का, नाशिकचे? धोंडूकाका. त्यांच्या आधीची सगळी भावंडं गेली होती, म्हणून हा दगड. म्हणजे न्यायला आलेल्याने बघावं आणि म्हणावं, हॅट, दगड आहे, हा कशाला न्यायचा." ती भराभर बोलत होती. "केरू असायचे बघ, उकिर्डा असायचे. कुणाला तरी देऊन मूठभर कोंड्याच्या बदल्यात परत घेतला की तो कोंडू. भीक मागून आणल्यासारखा केला की भिकू. मी डेटा ॲनालिस्ट आहे गं. मला कळतं की बॅक्टेरियाला नाव वाचता येत नाही. मला सगळं कळतं."

"मग?"

"मला ते नाव त्याच्या अंगावरून काढायचंय. रोज निमिषचे बाबा येतात आणि अद्वय, अद्वय करतात. दुसरा नाही असा! दुसरा नाही कसा? आधी एक होता ना."

मी चहा प्यायले. काहीतरी करायला हवं होतं म्हणून.

"पण मग सगळ्यांनी तसंच म्हणायला हवं," ती म्हणाली. "निमिष म्हणेल. तू म्हणशील. बाबांचं काय? आपण तिघांनी दगड म्हणायचं आणि त्यांनी येऊन अद्वय म्हणायचं, मग काय उपयोग? आणि त्यांना सांगायचं कसं? त्यांनी आयुष्यभर एवढंच तर केलंय."

फार थोडं केलंय, असं माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

मी बाहेर पार्किंगमध्ये जाऊन फ्रीडाला फोन लावला. तुमच्यात काय करायचे, विचारलं.

"आल्टर," ती लगेच म्हणाली. "माझा भाऊ. त्याच्या आधीच्या मुली टिकल्या नव्हत्या. आल्टर म्हणजे म्हातारा. पाळण्यातल्या पोराला म्हातारा म्हणायचं. मृत्यूचा दूत बाळ शोधत येतो, घरात सगळे म्हाताऱ्या, म्हाताऱ्या करतायत. तो म्हणतो, पत्ता चुकला वाटतं."

"मग? जगला?"

"जगला? आम्हा सगळ्यांना वैताग येईपर्यंत जगला. घोड्यांवर हरत राहिला, दोन बायकांना पोचवलं." मग म्हणाली, "पण शूबडा," मला ती असंच म्हणते, "नुसतं नाव बदलून भागत नाही. बोलायचंही तसंच. आई त्याला मीसकाइट म्हणायची. मीस हा हिब्रूतला, किळस यावी असं काही. काइट ही जर्मन शेपटी. किळसवाणेपणा! असं म्हणायचं पोराला, गालाला हात लावून. आणि मनापासून म्हणायला लागतं. दूत मूर्ख नाही. आया त्याला हजारो वर्षं गंडवतायत. लाडातला आवाज त्याला पायरीवरूनच ओळखू येतो."

"तुझ्या आईला जमायचं?"

"छे. दोन शब्द बोलली की रडायची. मग तिने समोरच्या मिसेस कोहेनला बोलवायला सुरुवात केली. तिला आमचं सगळं घरच आवडत नव्हतं. ती यायची, पाळण्यात बघायची आणि म्हणायची, शी. काय ती शी! आई तिला त्यासाठी रोज केक द्यायची."

मला वाटलं, मिसेस कोहेनची आपल्याला गरज नाही. मी आहे. मी सदाशिव पेठेत वाढले. तिरस्काराचं बाळकडू आम्हाला मिळालेलं असतं. गिऱ्हाईकाने भाव विचारला तर 'तुम्हाला परवडायचं नाही' म्हणणारे लोक आमचे शेजारी होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं पेटीपाशी उभे राहिलो. ज्ञानदाने काचेच्या भोकातून हात घातला. "धोंड्या," ती म्हणाली, आणि ते 'धोंड्या' असं निघालं की साजूक तूप वितळावं. निमिषने घसा साफ केला. "धोंडू, यू... यू आर व्हेरी... तू अगदी..." त्याने चष्मा काढला आणि पुसत बसला. आयटीतल्या माणसाला तिरस्कार येत नाही, त्याला फीडबॅक देता येतो.

"सरका," मी म्हटलं.

मी वाकले. "काय रे धोंड्या. उकिर्ड्या. काय तुझं ते थोबाड, खरकट्या फडक्यासारखं..." आणि त्याने पाय हलवला. एवढुसा पाय, टाच सायीच्या सुरकुतीसारखी. मला पुढचं सुचेना. जे सुचलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, कारण त्यात 'राजा' हा शब्द होता.

ओर्लाने मागून हळूच विचारलं, "प्रार्थना चाललीय का? मी नंतर येऊ?"

तेवढ्यात उपेंद्रराव आले. फोन हातात तयार. "काय म्हणतोय अद्वय?"

आणि ज्ञानदा, जी सासऱ्यांसमोर आवाज कधी चढवत नाही, स्वच्छ म्हणाली, "बाबा, नाव बदललंय. धोंडू."

ते हसले. मग आमच्या चेहऱ्यांकडे बघून हसायचे थांबले.

"धोंडू?"

"हो."

"धोंडू निमिष पाटणकर?"

"हो, बाबा."

"अहो, आमच्या सोसायटीत टँकर घेऊन यायचा तो धोंडू!" त्यांचा आवाज चढला. "धोंडू हे नाव आहे? धोंडू म्हणजे दगड! बिनडोक! अख्ख्या महाराष्ट्राने टाकून दिलेलं नाव तुम्ही या ड्रोहेडात उचलून आणलंत? काय अर्थ आहे त्याला? कुठल्या भाषेत अर्थ आहे? ऊ-कारान्त... ध-कारादी... मी लोकांना काय सांगू? मी जन्मभर लोकांच्या नातवंडांना नावं दिली आणि माझा नातू धोंडू? धोंड्या, ऊठ! धोंड्या, बस! अशी हाक मारायची याला? या... या..."

आणि त्यांनी बाळाकडे पाहिलं. फोन त्यांच्या हातात खाली लोंबत होता. मला वाटतं ते त्याला पहिल्यांदाच बघत होते.

"या चिपाडाला?" ते म्हणाले. "आणि दिसतोय पण तसाच! उंदराचं पिल्लू. नाक बघा, नाक आहे का ते? शेंगदाणा चिकटवलाय. आमच्या घराण्यात असं नाक नाही. शी!"

मी ज्ञानदाचा हात धरला. तिनेही माझा घट्ट धरला. त्या 'शी'त लोणी नव्हतं, साय नव्हती, काही नव्हतं. अस्सल माल. डब्लिनची मिसेस कोहेन ऐकायला असती तर तिने उठून खुर्ची दिली असती.

"बाबा," ज्ञानदा हळूच म्हणाली, "अजून बोला ना."

"काय?"

"अजून. त्याला."

त्यांना ती चेष्टा वाटली. ते थांबायला लागले, आणि मी घाईघाईने म्हटलं, "उपेंद्रराव, मला तर धोंडू फार गोड नाव वाटतं."

"गोड!" ते माझ्यावर उसळले आणि परत पेटीकडे वळले. "ऐक रे, गोड म्हणे! या गोळ्याला, या... शिळ्या इडलीला..."

ओर्ला धावत आली. "एव्हरीथिंग ग्रँड हिअर?"

"ग्रँड," निमिष म्हणाला. "नथिंग. ही इज नेमिंग हिम."

मग हे रोजचं झालं. त्यांना काही कळलेलं नव्हतं आणि आम्ही सांगितलं नाही. ते दुपारी यायचे, आम्ही तिघं धोंडू धोंडू करायचो, आणि त्यांचा तोल जायचा. फोटो बंद झाले. धोंडूचा फोटो कुठल्या तोंडाने ग्रुपवर टाकणार? फोटो नाहीत, तर करायचं काय? मग ते पेटीपाशी स्टूल ओढून बसायचे आणि त्याला नावाजायच्या ऐवजी त्याच्यातले दोष काढायचे. कान सारखे नाहीत. हात खेकड्यासारखे. झोपतो काय सारखा, बापावर गेलाय. मी त्यांना मधूनमधून चिथावत राहिले. या माणसाचा मला इतका उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं. त्यांच्याबद्दलचं माझं मत होतं तिथेच होतं, पण गाढव गाढवच राहून ओझं तर वाहत होतं.

ताप उतरला. अँटिबायोटिक आयर्लंडचं, तिरस्कार पुण्याचा. कुणाचं किती काम ते मला विचारू नका. एक नळी निघाली. मग दुसरी. डॉक्टरीण म्हणाली, अजून घरी नेण्याचं बोलू नका, पण ती हे म्हणताना खुर्चीवर बसली. आधी उभीच असायची.

आणि मग एका दुपारी मी आणि ज्ञानदा दारातून आत जात होतो, तर उपेंद्रराव आमच्याकडे पाठ करून बसलेले. बोट काचेच्या भोकातून आत, आणि ते बोट त्याने धरलेलं.

"काय धोंडूशेठ," ते म्हणत होते. "काय म्हणता? हं? शेठजी?"

शेठजी! ज्ञानदा जागच्या जागी थांबली. मी तिच्याकडे पाहिलं, तर तिचं तोंड पांढरं फटक. त्या आवाजात आता सगळं होतं: तूप, साय, गूळ. पायरीवरूनच ऐकू येईल असं.

"बाबा," ती म्हणाली, "असं नका ना बोलू."

ते दचकले. बोट काढायला गेले, पण ते सुटेना. "का? मी आता काही... नाव चालेल, म्हटलं. सवय झाली."

तेव्हा तिने त्यांना सांगितलं. तिथेच, उभ्याउभ्या. धोंडूकाकांचं, दगडाचं, न्यायला येणाऱ्याचं. आम्हाला कुणालाच जमत नव्हतं आणि त्यांना जमत होतं हे. आणि पहिल्या बाळाचं. त्याचं नावही तिने घेतलं, दोन वर्षांत पहिल्यांदा. मी ते इथे लिहीत नाही. ते त्यांचं आहे.

उपेंद्ररावांसारखा माणूस गप्प बसला की कसा दिसतो ते मी तोवर पाहिलं नव्हतं. साधा दिसतो.

"ते पण मीच दिलं होतं," ते म्हणाले.

"तुमच्यामुळे काही झालं नाही, बाबा. नावाने काही होत नाही, मला माहितीये. पण लाड नकोत. इतक्यात नकोत. तो घरी येईपर्यंत तुम्ही... तुम्ही होतात तसेच राहा ना."

"बरं," ते म्हणाले. पेटीकडे वाकले. "काय रे धोंड्या..." आणि थांबले. परत सुरुवात केली. "काय रे, उंदराच्या..." आणि दुसऱ्या हाताने काच पुसायला लागले. मला माझा पहिला दिवस आठवला आणि मी खिडकीकडे बघितलं. हा माणूसही गेला, म्हटलं. आता तिरस्काराला घरात कुणीच उरलं नाही.

तेवढ्यात त्यांनी बोट अलगद सोडवून घेतलं, उठले आणि पेटीकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं. फिकट हिरवी भिंत, वर हात धुण्याच्या सूचना.

"मला हा पोरगा आवडत नाही," ते भिंतीला म्हणाले. मोठ्याने, खणखणीत. भाषणाचा आवाज होता तो. "अजिबात आवडत नाही. कुरूप आहे. नाक नाही त्याला."

ज्ञानदा त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली. तीही भिंतीकडे तोंड करून. "मलाही नाही आवडत."

निमिष कॉफीचे कप घेऊन आला, दोघांच्या पाठी बघून दारात थबकला. मी त्याला मानेने खूण केली. त्याने कप टेबलावर ठेवले आणि बायकोच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. "नुसती कटकट आहे," तो म्हणाला. या वेळी जमलं त्याला. भिंतीकडे बघून जमतं.

मग मीही गेले. हात धुण्याच्या सूचना वाचत म्हणाले, "असलं कार्टं कुणी फुकट दिलं तरी मी घेणार नाही."

ओर्ला आत आली असावी. तिचे रबरी तळवे कर्रकन वाजले आणि थांबले.

मागे धोंडू शिंकला. आम्ही कुणी वळून पाहिलं नाही.